उडाली म्हणे, पण किती?

नाताळच्या सुमारास घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत गच्चीवर जेवण असतं, प्रत्येक घरातून एक पदार्थ. मी ग्रुपवर टाकलं, ‘आमच्याकडून रेड वाईनमधलं चिकन.’ तासाभरात तो जुना फॉरवर्ड पुन्हा उगवला: ‘स्वयंपाकात घातलेली वाईन, रम शिजताना शंभर टक्के उडून जाते. लहान मुलं, गरोदर बायका, न पिणारे, सगळ्यांना बिनधास्त वाढा.’ खाली चार कारणं आणि शेवटी जोडलेले हात. फॉरवर्ड खरं तर माझ्याच बाजूचा, तरी गप्प बसवेना.

पहिलं कारण असं: ‘अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. म्हणजे रस्सा उकळेपर्यंत अल्कोहोल संपलेलं.’ आकडे बरोबर आहेत, पण ते दोघं वेगवेगळ्या भांड्यांत असतील तेव्हाचे. एकदा मिसळले की वाफेतून दोघं बरोबरच निघतात, आधी अल्कोहोल जास्त, मग कमी कमी होत. वाईनला उकळी फुटते तीच मुळी नव्वदीच्या पुढे. हे कळायला प्रयोगशाळा कशाला, मराठी पुरते. ‘पहिल्या धारेची’ का म्हणतो आपण? भट्टीतून आधी पडते ती कडक, पुढे धार मऊ होत जाते. सगळं ७८ ला एकदम उडत असतं तर त्यानंतरच्या धारेला नुसतं पाणी आलं असतं. गोव्यात काजूच्या आंबवलेल्या रसाची पहिल्यांदा वाफ धरली की मिळते उर्राक, बऱ्यापैकी सौम्य, कारण वाफेबरोबर पाणीही आलेलं असतं. फेणी हवी तर पुन्हा भट्टीवर चढवावं लागतं. (उर्राक, लिंबाचा सोडा, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची. एप्रिलमध्ये गोव्यात असाल तर विसरू नका.)

मोजूनही झालंय. १९९२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी सहा पदार्थ करून तपासले. अल्कोहोल उरलं ४ पासून ८५ टक्क्यांपर्यंत. तिथल्या कृषी खात्याचा तक्ता सांगतो की पंधरा मिनिटं शिजवलं तर ४० टक्के उरतं, तासाभराने २५, अडीच तासांनी ५. माझ्या चिकनमध्ये २०० मिली वाईन जाते, म्हणजे साधारण २५ मिली अल्कोहोल. वीसेक मिनिटं शिजवल्यावर त्यातलं नऊ-दहा मिली राहणार. सहा ताटांत वाटलं तर माणशी दीड मिली. कोणी झिंगणार नाही हे कबूल. पण दीड म्हणजे शून्य नव्हे. पसरट कढईत, झाकण न ठेवता केलं तर कमी उरेल. उभ्या पातेल्यात झाकून केलं तर जास्त.

दुसरं कारण, ‘पेटवली की सगळी जळते.’ हा प्रयोग मी केलाय. जांभळी नाक्यावरून आणलेली राजेळी केळी, लोणी, गूळ, वरून रम आणि लायटर. निळी ज्योत चिमणीच्या जाळीपर्यंत गेली, नवरा ओरडला, माझ्या उजव्या भुवईचा शेंडा कुरळा झाला. आणि केळ्याच्या पहिल्याच घासाला रम थेट नाकात. ज्योत विझते ती रम संपली म्हणून नाही, पेट घ्यायला पुरेशी वाफ उरत नाही म्हणून. तक्त्यात पेटवलेल्या पदार्थापुढे ७५ टक्के शिल्लक लिहिलंय.

तिसरं, ‘केक तर तासभर भाजतो.’ भाजतो, पण प्लम केकवर नंतर ब्रशने रम लावतात, ती कुठे भाजली?

चौथं मात्र खरं आहे: ‘पावातही अल्कोहोल असतंच.’ यीस्ट पीठ फुगवतं तेव्हा ते तयार होतंच. पण भाजल्यावर राहतो तो अंश, आणि पाव दाखवून रमची वकिली करणं म्हणजे लिंबात आम्ल आहे म्हणून ॲसिड प्या म्हणण्यासारखं.

मला खरा राग ‘बिनधास्त’ या शब्दाचा आहे. व्यसन सुटावं म्हणून काही जण डायसल्फिरॅमची गोळी घेतात. ती चालू असताना जेवणातल्या थोड्याशा अल्कोहोलनेही चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात. असा माणूस गच्चीवर ताट हातात घेऊन ‘मी ती गोळी घेतो’ असं सांगणार आहे का?

म्हणून मी दोन भांडी नेली. एकावर चिठ्ठी चिकटवली, ‘यात वाईन आहे’. दुसऱ्यात वाईनऐवजी दोन चमचे कोकमाचं आगळ, लिंबाएवढा गूळ आणि कपभर चिकनचंच पाणी. आगळात मीठ असतं, तेव्हा वरून घालताना जपून. रंग तसाच आला, आंबटपणा जरा जास्तच. साडेनऊला बघितलं तर आगळवालं भांडं चाटूनपुसून साफ, आणि ज्यांनी फॉरवर्ड टाकला होता ते काका चिठ्ठीवाल्या भांड्यातून तिसऱ्यांदा वाढून घेत होते.