नवाच आहे तो बुद्ध. मग?

हाँगकाँगला जाऊन आलेल्यांना लांटाऊ बेटावरच्या मोठ्या बुद्धाबद्दल विचारून बघा. निम्मे जण मोबाइल काढून फोटो दाखवतात, उरलेले नाक मुरडतात. "अहो, 1993 ची मूर्ती ती! टुरिस्टांसाठी बांधलीय." हे इतक्यांदा ऐकलंय की आज लिहूनच टाकतो.

एक तर क्रमच उलटा लावलाय. पो लिन मठाची सुरुवात 1906 ची. जिआंग्सू प्रांतातून आलेल्या तीन भिक्खूंनी त्या डोंगरात कुटी बांधली, तिचा पुढे मठ झाला. मूर्ती या मठाने उभारली. बेटावरच्याच खालच्या तुंग चुंग गावाहून वर येणारा रोपवे सुरू झाला 2006 मध्ये, म्हणजे मूर्तीनंतर तब्बल तेरा वर्षांनी. रोपवेतून उतरल्यावर जे दुकानांचं 'गाव' लागतं ते मलाही अजिबात आवडत नाही. इकडेतिकडे न बघता सटकावं असंच आहे ते. पण त्याचा राग बुद्धावर कशाला?

आणि नवी म्हणजे तरी किती नवी? ब्राँझचे 202 तुकडे जोडून केलेली, आसनासकट 34 मीटर उंच, वजन अडीचशे टनांच्या वर. काम केलं ते चीनच्या अवकाश क्षेत्रातल्या सरकारी यंत्रणेने. म्हणजे रॉकेटवाल्यांनी बुद्ध घडवला! पण चेहरा मात्र चीनमधल्या लुंगमेनच्या लेण्यांमधल्या वैरोचन बुद्धावरून घेतलाय, आणि तो सातव्या शतकातला. खालची तीन टप्प्यांची गोल वेदी बीजिंगच्या स्वर्गमंदिरातल्या वेदीवरून. त्यामुळे '1993 ची मूर्ती' हे फक्त धातूपुरतं खरं आहे.

तो चेहरा नीट बघायचा तर पायऱ्यांच्या तळाशी थांबा. एकूण 268 पायऱ्या आहेत. वर पार पायाशी जाऊन मान मागे टाकली की आधी नजरेत भरतात कमळाच्या पाकळ्या आणि हनुवटी. उजवा हात अभयमुद्रेत, छातीवर स्वस्तिक, तोंड उत्तरेला. चीनमधले मोठे बुद्ध बहुतेक दक्षिणेकडे बघतात, हा मुख्य भूमीकडे बघतो.

वर गेल्यावर मला खरं गुंतवलं ते भोवतीच्या सहा देवतांनी. गुडघे टेकून, हात पुढे करून प्रत्येक जण काहीतरी अर्पण करतोय: फुलं, धूप, दिवा, लेप, फळं आणि संगीत. दान, शील, क्षांती (सहनशीलता), वीर्य (म्हणजे नेटाचा प्रयत्न), ध्यान, प्रज्ञा या सहा पारमितांची, म्हणजे पूर्णत्वाला न्यायच्या गुणांची, ही रूपं. लोक त्यांच्याकडे पाठ करून सेल्फी काढतात. काढू देत बापडे! तिथे बघत बसलं तर चित्र वेगळं दिसतं. मोबाइल खिशात टाकून दोन्ही हात जोडणारेही त्याच गर्दीत असतात, आणि त्यांना मूर्तीचं साल विचारायचं सुचत नाही.

चीनमधलाच लशानचा बुद्ध घ्या. 71 मीटर उंच, अख्ख्या कड्यात कोरलेला. काम 713 मध्ये सुरू झालं, संपलं 803 मध्ये. त्या नव्वद वर्षांत "एवढा मोठा कशाला हवाय?" असं कुणी म्हणालंच नसेल? आज आपण तिथे 'प्राचीन' म्हणत नतमस्तक होतो.

मठापासून पंधरा-वीस मिनिटं चालत गेलं की प्रज्ञामार्ग लागतो. तो तर आणखी नवा, 2005 चा. लाकडाचे 38 उंच खांब, त्यांवर चिनी अक्षरांत कोरलेलं प्रज्ञापारमिता हृदयसूत्र, म्हणजे शून्यतेबद्दलचं छोटंसं बौद्ध सूत्र. तिथलं चिनी भाषांतर ह्यू-एन-त्संगचं. हो, शाळेच्या इतिहासातला आपला तोच! सगळ्यात उंचावरच्या खांबावर मात्र एकही अक्षर नाही. शून्यता दाखवायला तो मुद्दाम कोरा ठेवलाय. रोपवेच्या परतीच्या घाईत बरेच जण इकडे फिरकतच नाहीत, आणि खाली येऊन सांगतात की वर बघण्यासारखं काही नाही.

वारा फार असला की रोपवे बंद ठेवतात. अशा वेळी तुंग चुंगहून 23 नंबरची बस मिळते. माझं ऐकाल तर वारा नसला तरी जाताना बसच पकडा. रस्ता वळणावळणाचा आहे, पोटात ढवळतं थोडं, पण सुरुवातच दुकानांनी होत नाही.