हिंदुराव हवाच, पण मारुती कांबळेसकट

मराठी मालिकांमधल्या खलनायिका बघून मला संताप येतो. ती बाई वाईट का वागते, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसतं. दुधात गोळ्या मिसळायच्या, जिन्यावर तेल सांडायचं, कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. सोमवारी पुन्हा तेच. अशा बाईपुढे नायिका जिंकली काय नि हरली काय!

‘सामना’ चित्रपट आठवा. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला. त्यात निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील साखर कारखान्याचा सर्वेसर्वा आहे आणि आपण काय काय उभं केलं याचा त्याला मनापासून अभिमान आहे. कुठून तरी गावात आलेल्या दारुड्या मास्तरला तो वाड्यावर ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, अदबीने बोलतो. डॉ. लागूंचा हा मास्तर एकेकाळचा ध्येयवादी, आता पार खचलेला. त्याला जागं करायला कुणी सज्जन येत नाही. हिंदुरावाची सत्ता रोज समोर बसते, म्हणून मास्तरमध्ये उरलेली धग वर येते. प्रतिनायकाचं मोठं काम मला हेच वाटतं.

यावर लोक म्हणतात, खलनायकाला इतकं माणूसपण दिलं की त्याची बाजू घेतल्यासारखं होतं. आक्षेप खरा आहे. हल्लीच्या कितीतरी गुंडपटांत गुंडाचं बालपण येतं, त्याची आई येते, त्याचं प्रेम येतं. त्याने ज्याला मारलं त्याचं नावसुद्धा कुणाच्या लक्षात राहत नाही. ‘सामना’त मात्र हिंदुरावाच्या राज्यात नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल मास्तर एकच धोशा लावतो: मारुती कांबळेचं काय झालं? हिंदुराव जरा दिलदार वाटू लागला की हा प्रश्न आडवा येतो. हिंदुरावाला समजून घ्यायची आपल्याला मुभा आहे, मारुतीला विसरायची नाही. फार थोड्या लेखकांना हे साधतं.

आणि निळूभाऊ तर राष्ट्र सेवा दलातले, समाजवादी विचारांचे. असला पुढारी त्यांना मनातून पटणं शक्यच नव्हतं. तरी त्यांनी त्याची टिंगल केली नाही. आवाज न चढवता धाक घातला. म्हणून तो आपल्या ओळखीचा वाटतो, अंगावर येतो.

मालिका लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, टीआरपीचा ताण मला समजतो. पण एखादा भाग तरी खलनायिकेच्या बाजूने लिहून बघा. तिला काय हवं होतं, ते कुणी नाकारलं, हे येऊ द्या. आणि तिच्यामुळे ज्याचं वाटोळं झालं, त्यालाही त्याच भागात चार वाक्यं बोलू द्या.