‘कॅरावानसराय’ आणि सोंगाचा आरोप

स. न. वि. वि.

गिटारिस्ट कार्लोस सांतानाच्या ‘सांताना’ या रॉक बँडच्या १९७२ मधल्या ‘कॅरावानसराय’ या अल्बमवर मी लिहिलं, त्याखाली तुमची ही प्रतिक्रिया आली : “रॉकवाल्यांनी आणलेलं जाझचं सोंग. ना धड रॉक, ना धड जाझ. गायलेली गाणी तीनच, बाकी नुसती वाजवावाजवी. जोबिमच्या ‘स्टोन फ्लॉवर’ची तर वाट लावली. पाकिटावर योगानंदांचं वचन दिसलं की आपल्याकडच्या लेखकांना भरून येतं. लेखक महाशय, आधी मायल्स डेव्हिस ऐका, मग लिहा.”

अल्बम आवडला नाही, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ‘मला कंटाळा आला’ एवढं लिहिलं असतंत तर मी आभार मानून गप्प बसलो असतो. पण मी काय ऐकलंय आणि काय नाही, हे तुम्हाला कुठून कळलं? आपली ओळख नाही. मी स्वतःच्या नावाने लिहितो, तुम्ही टोपणनावाआडून. नाव लावून लिहिणाऱ्याची अक्कल काढायची आणि स्वतः झाकलेलं राहायचं, ही पद्धत मला पटत नाही आणि ती मी खपवूनही घेणार नाही.

एक गोष्ट मात्र मान्य. ‘स्टोन फ्लॉवर’ला शब्द जोडायला नको होते. ब्राझीलचा संगीतकार जोबिम याची मूळ रचना शब्दांविना आहे आणि तशीच ती पुरेशी आहे. कार्लोस आणि ड्रमर मायकल श्रीव्ह यांनी लिहिलेल्या ओळींनी तिच्यात भर पडत नाही. ‘वाट लावली’ हे अति झालं, पण मुद्दा तुमचा.

आता सोंग. अंगात नसलेलं आहे असं दाखवणं म्हणजे सोंग. मग मला सांगा, या अल्बमवर नक्की कोण सोंग आणतंय? ‘ला फुएन्ते देल रित्मो’वर बाँगो वाजवणारा अर्मांडो पेराझा हवानाचा. सांतानाकडे येण्याआधी तो जॉर्ज शिअरिंग या जाझ पियानिस्टकडे कित्येक वर्षं होता, मग व्हायब्राफोनवाल्या कॅल जेडरकडे. अल्बम रातकिड्यांच्या आवाजाने उघडतो आणि त्यावर सॅक्सोफोन एकटाच येतो, तो हॅडली कॅलिमनचा. हा लॉस एंजेलिसच्या जाझमध्ये मुरलेला माणूस. शेवटच्या ‘एव्हरी स्टेप ऑफ द वे’मधली बासरीही त्याचीच. ही माणसं रॉकवाली कधीपासून झाली?

बरं, मूळच्या बँडबद्दल बोलायचं तर १९७०चा ‘अब्राक्सास’ काढून ऐका. ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ सगळ्यांना पाठ आहे. तिच्या शेपटीला जोडलेली ‘जिप्सी क्वीन’ ही गॅबोर साबोची, म्हणजे एका जाझ गिटारिस्टची चीज. त्याच अल्बमवरचं ‘ओये कोमो वा’ लॅटिन संगीतातल्या टिटो पुएन्तेचं. जाझ त्यांच्या वाजवण्यात आधीपासूनच होतं, १९७२ मध्ये बँडने ते फक्त पुढे आणलं. आणि कोंगा-बाँगो हे हाताने वाजवायचे क्यूबन ढोल जाझच्या अंगावर उपरे आहेत असं तुम्हाला वाटत असेल, तर जाझ ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी आणि क्यूबाचा कोंगावादक चानो पोझो १९४७ मध्ये एकत्र काय करत होते तेही पाहा. राहिले जाझ ट्रम्पेटवाले मायल्स. ज्यांचं नाव तुम्ही माझ्या तोंडावर फेकलंत, ते १९७०च्या ऑगस्टमध्ये टँगलवूडला याच सांतानाबरोबर एका कार्यक्रमात वाजवून गेले आहेत. तोवर त्यांनी स्वतः विजेची गिटार आणि रॉकची लय घेऊन ‘बिचेस ब्रू’ हा अल्बम काढलेला होता. त्यांच्या बाबतीत तो प्रयोग आणि कार्लोसच्या बाबतीत सोंग, हा न्याय कुठला?

सोंग माणूस फायद्यासाठी आणतो. इथे फायदा कोणता होता? लगेच आधीचे दोन अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले होते. त्याच वाटेवरचा आणखी एक काढायला कोणाची ना होती? उलट रेकॉर्ड कंपनीच्या क्लाइव्ह डेव्हिस यांनी हा धंद्याच्या दृष्टीने आत्मघात आहे असं बजावलं होतं, हे कार्लोसनेच सांगितलंय. रेडिओवर वाजेल असं एक गाणं त्यात नाही. तरी तो आठव्या क्रमांकापर्यंत गेला, ही ऐकणाऱ्यांची कमाल. पण बँड त्यात फुटला. ऑर्गन वाजवणारा आणि गाणारा ग्रेग रोली गेला, गिटारिस्ट नील शॉन गेला, पुढे दोघांनी ‘जर्नी’ हा रॉक बँड उभा केला. सोंगापायी कोणी स्वतःचा चालता बँड मोडत नाही.

हा शब्द मला का लागला, तेही सांगतो. मी तबला रीतसर शिकलो, गुरुजींसमोर बसून. नंतर पोटासाठी एका ऑर्केस्ट्रात कोंगा-बाँगोवर बसलो. गणपती, हळदी, कंपन्यांचे वार्षिक कार्यक्रम, सगळं केलं. तिथल्या एका ज्येष्ठ वादकाने भर तालमीत मला सुनावलं होतं की तबलेवाल्याने कोंग्याचं सोंग आणू नये. मी उलट बोललो नाही. घरी कॅसेट लावून ‘तुंबाओ’ हा कोंग्याचा मूळ ठेका बसवत राहिलो : डाव्या हाताची टाच, मग बोटं, पुन्हा टाच, मध्ये उजव्याची कोरडी थाप आणि शेवटी दोन मोकळे ठोके. ऐकायला पोरखेळ वाटतो. तबल्यावर डाव्याला घुमाऱ्याची सवय असते आणि इथे त्याच हाताने आवाज दाबून नुसती लय धरायची असते. हाताला ते कळेपर्यंत खांदे भरून येतात. म्हणून ‘ला फुएन्ते देल रित्मो’ लागलं की मिंगो लुईसची ती रचना तुम्हाला वाजवावाजवी वाटते आणि मला त्यात तिंबालेस (काठ्यांनी वाजवायचे ढोल), कोंगा, बाँगो कुठे एकमेकांना जागा सोडतात आणि कुठे अडवतात ते ऐकू येतं. त्या दाटीतून टॉम कोस्टरचा इलेक्ट्रिक पियानो जसा निसटतो, तसं सोंग आणून निसटता येत नाही. तुम्ही चामड्यावर कधी हात ठेवलाय का, हे मी विचारत नाही. तुम्ही मला तसलाच प्रश्न विचारलात, एवढंच लक्षात आणून देतो.

‘ना धड रॉक, ना धड जाझ’ यावर बोलण्यासारखं काही नाही. अल्बम तसाच आहे आणि मी त्याचंच कौतुक केलं होतं. गाणी तीन आहेत हेही खरंच. गाण्यांसाठी ऐकायचे अल्बम पुष्कळ आहेत. योगानंदांचं म्हणाल, तर त्यावर माझ्या लेखात एकच ओळ होती. तेवढ्यावरून मला भरून आल्याचं तुम्ही ठरवलंत, त्याला मी काय करू?

यानंतर मी सांतानाच्याच १९७३च्या ‘वेलकम’वर लिहिणार आहे. त्याचं शीर्षकच जाझ सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन याच्या रचनेवरून आलंय, ‘फ्लेम-स्काय’मध्ये जाझ गिटारिस्ट जॉन मॅक्लॉफ्लिन आहेत आणि सुरुवातीच्या ‘गोइंग होम’ची मांडणी जाझ पियानिस्ट अ‍ॅलिस कोल्ट्रेन यांची आहे. तिथेही सोंग म्हणायचं असेल तर अवश्य म्हणा, पण मग मॅक्लॉफ्लिन आणि अ‍ॅलिस या दोघांनाही म्हणावं लागेल. आणि तेव्हा कृपया स्वतःचं नाव लिहा. टोपणनावाला मी पुन्हा उत्तर देणार नाही.