एक सूत फट

सॉलिड सागवानाचं कपाट करून घ्यायचं डोक्यात असेल तर आधी घरच्यांची मनं तयार करा, लाकडाचं नंतर बघू. लाकूड बिचारं समजूतदार असतं, त्याला हलायला जागा दिली की गप्प बसतं. घरचे बसत नाहीत.

चिपळूणचं जुनं घर उतरवलं तेव्हा काकाने सागवानी तुळया टेम्पोत घालून पुण्याला पाठवल्या आणि त्या चिरून फळ्या केल्यावर माझी मिस्त्री शोधमोहीम सुरू झाली. ज्याला विचारावं त्याचं एकच, साहेब प्लाय टाका, वरून मायका मारतो, आठवड्यात काम खलास. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात त्यामुळे शेजारचा शेजारच्याला हलू देत नाही, मग फेव्हिकॉल चोपडून चारी बाजूंनी ठोका, काही होत नाही. सॉलिड लाकूड असं आवळून ठेवलं तर थंडीत एखाद्या रात्री कपाटातून फाट् असा आवाज येतो, घरातले चोर समजून उठतात आणि सकाळी बघावं तर दारावर वरपासून खालपर्यंत तडा.

शेवटी एक म्हातारे मिस्त्री मिळाले. भाव सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, "फट चालंल का घरच्यांना?" मी म्हटलं घरच्यांचं मी बघतो. ते नुसतेच हसले.

"जुनं लाकूड आहे रे, मुरलंय, ते आता काय हलणार" हे आमच्या समस्त नातेवाइकांचं लाडकं वाक्य. हलतं हो! झाड तोडून शंभर वर्षं झाली तरी लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. पुण्यात मे महिन्यात दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते आणि जुलैत चिंब दमट, म्हणजे त्याला दरवर्षी काम आहेच. लांबीला ते जवळपास हलत नाही, सहा फुटी कपाट सहा फुटीच राहतं, सगळा खेळ रुंदीत. त्यातही फळी कशी चिरलीय त्यावर बरंच असतं. सागवान ओलं असल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत खोडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने ५.८ टक्के आकसतं आणि गाभ्याकडून सालीकडे २.५ टक्के, आणि हे लाकडांतलं शहाणं बाळ, बाकीच्यांचं विचारूच नका. पॉलिश मारलं की थांबतं असंही लोक सांगतात, पण पॉलिश म्हणजे रेनकोट, भिजायचं ते भिजताच, फक्त जरा उशिरा.

तर मिस्त्रींनी दारं केली ती चौकट आणि मधे पॅनल अशी. चौकटीला आतून खाच, पॅनल त्या खाचेत नुसतं सरकवलेलं, फेव्हिकॉलचा थेंब नाही. तेरा इंचाचं पॅनल, मे ते जुलै एक सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, सहज फुगतं, म्हणून दोन्ही बाजूंना खाचेत मोकळी जागा सोडली. कपाटाच्या वरच्या फळीला स्क्रूची भोकं गोल नाहीत, लांबट, म्हणजे फळी सरकली तर स्क्रू तिला धरून ठेवत नाही. आणि पॅनल बसवायच्या आधी सगळीकडून पॉलिश. यावर पॉलिशवाला वैतागला, "आतलं कोण बघतंय?" मिस्त्री म्हणाले, "थंडीत पॅनल आकसलं की कडेनं पांढरी रेघ दिसंल, ती तुझं नाव सांगंल." पॉलिशवाल्याने मुकाट्याने कडा मारल्या.

हे सगळं आत. बाहेर दिसते ती फक्त दोन दारांमधली फट, कारण चौकटीच्या उभ्या पट्ट्यासुद्धा थोड्या थोड्या फुगतात आणि दोन दारांच्या मिळून त्या चार होतात. मे महिन्यात बरोब्बर एक सूत. आणि घरात शिरणाऱ्या प्रत्येक माणसाची नजर पहिली तिथेच जाते, एवढी सुंदर सागवानी नक्षी आहे समोर, तिकडे कुणी बघत नाही! आई म्हणाली यातून झुरळ जाईल. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अजून बसायचंय का दार?" मावशीने लांबूनच विचारलं किती पैसे घेतले, आणि आकडा ऐकून फक्त "हं" म्हणाली.

सासरे तर बँकेतून रिटायर झालेले, ते पुराव्याशिवाय बोलत नाहीत. त्यांनी खिशातून एटीएम कार्ड काढून फटीत घातलं. गेलं. मग त्याला पॅन कार्ड जोडलं, मग दुसऱ्या बँकेचं, मग माझं मागून घेतलं. चारही एकावर एक ठेवून आरामात गेली. "जावईबापू, चार कार्डं जातात," असं अशा आवाजात म्हणाले की जणू खात्यात अफरातफर सापडलीय. मिस्त्री हिशेबाला आले तेव्हा सासऱ्यांनी विषय काढलाच, एवढी फट ठेवलीत तेवढं लाकूड वाचलं, पैसे कमी करा. मिस्त्री पान जमवत होते, वर न बघता म्हणाले, "तेवढं लाकूड पावसाळ्यात घरपोच येतंय की."

आलं. जुलै संपता संपता एकच कार्ड जाईना धड, तेही तिरकं करून. मला वाटलं आता तरी कुणी म्हणेल वा. छे! आई म्हणे दार घट्ट बसतंय, त्या मिस्त्रींना बोलव आणि जरा रंधा मारून घे. सासऱ्यांचंही तेच मत, आणि या दोघांचं एकमत होणं किती दुर्मिळ आहे ते आमच्या हिला विचारा. चिपळूणच्या घरात मागचं दार दर श्रावणात असंच रंधत गेले होते लोक, पुढे पुढे उन्हाळ्यात ते दार बंद असलं तरी खालून मांजर ये-जा करायचं.

मी सांगून टाकलंय, मिस्त्री गणपतीला गावी गेलेत, आता दिवाळीनंतरच येतील.