चढणीचे मासे

शाळेकडून आलेल्या सूचनेत 'विद्यार्थ्यांनी स्वतः करावयाचा उपक्रम' असे शब्द दिसले, की पुण्यातला अनुभवी पालक रजेचा अर्ज लिहायला घेतो. यंदा पाचवीच्या मुलांनी आंबील ओढ्याशी नाते जोडावे, आदिवासींच्या पारंपरिक जलज्ञानाचा परिचय करून घ्यावा आणि या दोहोंचे दर्शन घडवणारे वारली चित्र शुक्रवारपर्यंत काढून आणावे, अशी अपेक्षा होती. नाते जोडायला पुणेकराला एरवी निदान एक पिढी तरी लागते, हे शाळेने विचारात घेतले नसावे.

ओढा मात्र नाते जोडण्याच्या योग्यतेचा आहे, यात शंका नाही. कात्रजच्या डोंगरात उगम पावणाऱ्या या ओढ्याचे पाणी नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला अडवून नळाने शहरात आणले आणि पर्वतीच्या पायथ्याशी त्याचा प्रवाह वळवून तळे करवले. त्या तळ्यातला गणपती आज सारसबागेत दर्शन देतो, तळे मात्र बागेत विरून गेले. वळवलेल्या ओढ्याने निमूटपणे दांडेकर पुलाखालून मुठेची वाट धरली, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, अरण्येश्वर आणि टांगेवाला कॉलनीच्या परिसरात, आपण अजून ओढाच आहोत याची आठवण करून दिली. त्या रात्री माणसे गेली, घरे गेली. ओढ्याच्या संरक्षक भिंतींच्या निविदा मागाहून आल्या.

अशा या ओढ्याची भेट मुलांना पुलावरून घडवण्यात आली. भेटीपूर्वी पालकांकडून संमतिपत्र भरून घेतले होते, त्यात 'विद्यार्थी पाण्याला स्पर्श करणार नाही' असे एक कलम होते. स्वयंसेवक पालक या नात्याने माझ्याकडे दोरीचे एक टोक होते. त्या दोरीच्या अलीकडे चाळीसेक मुले नाकावर रुमाल धरून ओढ्याशी नाते जोडत होती आणि पलीकडून जाणारे दुचाकीस्वार, पुलावर नेमके काय पडले आहे हे पाहण्यासाठी थांबत होते. त्यामुळे झालेल्या वाहतूक कोंडीचे निरीक्षणही काही मुलांनी वहीत नोंदवले. आमच्या कन्येने लिहिले, 'ओढ्याला वास आहे. काठावर उंबर आहे.' दोन्ही विधाने खरी होती.

चित्राचे प्रकरण मात्र घराघरांत पेटले. वारली चित्रकला मुळात सवाशिणींच्या हातची. लग्नात कुडाच्या भिंतीवर गेरू सारवून, तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहायचा, अशी ती रीत. जिव्या सोमा म्हसे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणि पुढे जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या पालकांच्या गटाने ती तीन दिवसांत मिक्सरच्या भांड्यात आणली. गेरूसाठी तुळशीबागेपासून बोहरी आळीपर्यंत शोधमोहिमा निघाल्या, बांबूच्या काडीचे टोक दाताने चावावे की ठेचावे यावर रात्री साडेअकरापर्यंत मतभेद चालले, आणि पिठाचा रंग ओला असताना दिसतच नाही म्हणून एका अभियंता पालकाने थरावर थर दिले. वाळल्यावर त्यांच्या चिरंजीवांचा ओढा पापडासारखा सुटून हातात आला. बाकीच्या सर्व घरांत तारपा नाच निघाला. ओढ्याकाठी तारपा कोण वाजवणार, हे कुणी विचारले नाही, कारण वारली म्हटले की तारपा, हे पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीच्या जिन्यावर लिहिलेले आहे.

जलज्ञानासाठी सभागृहात एका तज्ज्ञांचे व्याख्यान ठेवले होते. त्यांनी सत्तरएक सरकचित्रे आणली होती आणि त्यांतल्या बहुतेकांवर बाण होते. प्रोजेक्टरची वायर सैल असल्याने शाळेचे शिपाईमामा ती पूर्ण वेळ हाताने धरून उभे होते. मामा आंबेगाव तालुक्यातले, भीमाशंकरच्या बाजूचे, महादेव कोळी. उंबराच्या आसपास जमिनीत पाणी असते, असे तज्ज्ञांनी वराहमिहिराचा आधार देऊन सांगितले, तेव्हा मामांनी मान हलवली आणि पडद्यावरचे चित्र गेले.

वायर पुन्हा बसेपर्यंत मुलांनी मामांना घेरले. मग कळले, की त्यांच्या गावच्या ओढ्यात साती आसरांचा, म्हणजे पाण्यातल्या देवतांचा, डोह आहे आणि त्यात कुणी गळ टाकत नाही. भर उन्हाळ्यात बाकीचा ओढा आटला, तरी मासे त्या डोहात तगून राहतात. पहिल्या दमदार पावसाने ओढा गढूळ झाला, की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात; हेच चढणीचे मासे, ज्यांच्या नावाने सारे गाव रात्री कंदील घेऊन निघते. अंडी भरलेली मोठी मादी मात्र सोडून द्यायची, असे त्यांची आजी सांगे. तेवढ्यात पडदा उजळला आणि मुलांना बाणांकडे परतावे लागले. शेवटी तज्ज्ञांना दिलेल्या मानपत्रावर वायरचा उल्लेख नव्हता.

शुक्रवारी प्रदर्शन भरले. पहिले बक्षीस मिळालेल्या चित्रात वर कात्रजचे डोंगर, खाली मुठा, मधून उतरणारा ओढा आणि त्यात डौलाने खाली पोहणारे मासे होते. त्या रेषांतला सफाईदारपणा पाहता ते किमान बी. आर्क. झालेल्या पाचवीतल्या मुलीचे असावे. मामा खुर्च्या लावता लावता चित्रापाशी थांबले आणि म्हणाले, "पाऊस दाखवलाय, पाणी गढूळ दाखवलंय, मग मासे खाली कशाला चाललेत?"

मुलीच्या आईने मामांकडे आणि मग परीक्षकांकडे पाहिले. परीक्षक आपल्या चहाकडे पाहत राहिले. मुलगी मात्र हुशार निघाली. तिने पुढे होऊन चित्र पिनांसकट काढले आणि उलटे करून पुन्हा टांगले. मासे वर चढू लागले, तारपा वाजवणारा डोक्यावर उभा राहिला, कात्रजचा डोंगर तळाला गेला आणि मुठा आभाळात.

"आता मासे बरोबर आहेत ना, मामा?"

"मासे अजून उतारालाच चाललेत, पोरी," खुर्ची उचलत मामा म्हणाले, "तू फक्त डोंगर पाडलास."

"तो बिल्डर पाडतातच," असे म्हणून तिने बक्षिसाची चिठ्ठी सुलटी करून लावली.