‘बोलावणं आलंय तर तयारी कशाला?’ कैलास यात्रेच्या त्या फॉरवर्डला उत्तर

कैलास-मानसरोवर यात्रेचे दिवस आले की तो मेसेज फिरायला लागतो. यंदा मला चार ग्रुपवर आला, त्यातल्या एकावर तर माझ्या सख्ख्या मावशीने टाकला आणि खाली सतरा जणांनी हात जोडले. मजकूर थोडक्यात असा: महादेवाचं बोलावणं आलेल्याला तयारी लागत नाही, वर ऑक्सिजन विरळ म्हणून खिशात भीमसेनी कापूर ठेवून हुंगत राहा, रोज चालणाऱ्याला तिथे काही होत नाही, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घेऊ नका किडनी जाते, आणि परिक्रमा सुरू केली की मागे फिरू नका, पुण्य जातं. मी डॉक्टर नाही, एकदा जाऊन आलोय एवढंच, पण मावशीला फोनवर तासभर जे सांगितलं ते इथेही लिहितो कारण ती यावर्षी खरंच निघालीय.

आधी कापूर, कारण तो सगळ्यात जास्त खपतो. २०२१ मध्ये कोविडच्या लाटेत कापूर-लवंग-ओव्याची पोटली हुंगून ऑक्सिजन वाढतो म्हणून सगळ्यांनी फिरवलं होतं ना, तोच हा मेसेज, फक्त आता पहाडावर चढलाय. मुळात वर हवेतला ऑक्सिजनचा वाटा कमी होतच नाही, इथेही २१ टक्के आणि कैलासापाशीही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. परिक्रमेतली सगळ्यात उंच जागा, ‘डोल्मा ला’ नावाची खिंड, साधारण ५६३० मीटरवर आहे, तिथे दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, म्हणजे श्वास तेवढाच घेतला तरी आत जाणारा ऑक्सिजन अर्धा. कापराने नाकात गार वाटतं म्हणून मोकळं झाल्यासारखं वाटतं, दाब काही तो वाढवत नाही. आरतीला खुशाल न्या. फक्त कोणी ‘थोडासा जिभेवर ठेवा’ म्हणालं तर अजिबात नको, पोटात गेलेला कापूर विषारी असतो, झटके येऊ शकतात. आणि ते डिओसारखे ऑक्सिजनचे छोटे कॅन, ते सलग वापरले तर काही मिनिटांत संपतात, त्यांच्या भरवशावर चढू नका.

आता ‘रोज चालणाऱ्याला काही होत नाही’. या एका वाक्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे.

आमच्या ग्रुपमध्ये साठीचे एक काका होते, रोज पहाटे दहा किलोमीटर चालणारे, गोळी म्हणून कधी घेतली नाही असं अभिमानाने सांगणारे. परिक्रमेच्या पहिल्या दिवशी, ती जिथून सुरू होते त्या यमद्वारापासून पहिल्या मुक्कामाला डिरापुकला आम्ही रडतखडत पोचलो तेव्हा ते तासभर आधी येऊन बसले होते आणि आमची चेष्टा करत होते. डिरापुक जवळपास ५००० मीटरवर. संध्याकाळी त्यांनी जेवण नको म्हटलं. मग चहाचा कप उचलला तो तोंडाऐवजी हनुवटीला लागला, जॅकेटवर चहा सांडला आणि त्यांना कळलंही नाही. ग्रुपमधल्या डॉक्टर ताईंनी त्यांना गेस्टहाउसच्या व्हरांड्यात उभं केलं आणि फरशीच्या रेघेवर चालायला लावलं, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना चिकटवत, पोलीस दारू प्यालेल्याला चालवतात तसं. तिसऱ्या पावलाला काका भिंतीवर गेले. मग कबूल केलं की मानसरोवरापासूनच डोकं ठणकतंय, पण सांगितलं तर पायथ्याच्या गावात, दार्चेनलाच थांबवाल म्हणून गप्प बसलो.

तोल जाणं म्हणजे साधी डोकेदुखी नाही, मेंदूला सूज येत असल्याची खूण असते ती.

फिट असणं आणि उंची सोसणं ही दोन वेगळी खाती आहेत. उंचीचा त्रास कोणाला होईल हे ट्रेडमिलवरून कळत नाही, उलट फिट माणूस जोरात चढतो, थकला तरी थांबत नाही, आणि त्याला दुखतंय हे सांगायची लाज वाटते. त्रास बहुतेक वेळा पोचल्यापोचल्या होतही नाही, सहा ते बारा तासांनी सुरू होतो, म्हणून ‘मी तर ठणठणीत पोचलो’ याला काही अर्थ नसतो. व्यायाम करू नका असं नाही हं! तीन-चार महिने जिने, पाठीवर थोडं वजन, आणि उतरायची सवय, कारण ५२ किलोमीटरची परिक्रमा आहे आणि डोल्मा लाच्या उतरणीला गुडघे रडतात. कळसूबाई जरूर करा, पण ती १६४६ मीटर, तिच्याने पाय तयार होतात, उंचीची सवय होत नाही. ती फक्त वर हळूहळू जाऊनच होते: ३००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस मुक्काम. आता नेपाळगंजहून विमान-हेलिकॉप्टरने जाणारी घाईची पॅकेजेस बघा, नेपाळगंज जेमतेम १५० मीटर, डोंगरातलं सिमीकोट २९०० च्या आसपास, तिबेटच्या सीमेवरचं हिल्सा ३६०० च्या वर, आणि मग गाडीने थेट मानसरोवर ४५९० मीटर. बुकिंग करताना जेवण शुद्ध शाकाहारी आहे का हे सगळे विचारतात, सीमा ओलांडल्यावरच्या तकलाकोट गावात किती रात्री मुक्काम हे कोणी विचारत नाही.

डायमॉक्स. किडनी ‘जात’ नाही, पण ही अफवा कुठून आली ते कळतं, गोळी किडनीवरच काम करते. ती लघवीवाटे बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावते, त्याने रक्त थोडं आम्ल होतं आणि मग शरीर आपोआप जास्त श्वास घेतं, झोपेतसुद्धा. म्हणून रात्री चारदा उठावं लागतं, बोटांना मुंग्या येतात, एवढी कटकट आहे. ज्यांना किडनीचा आजार आधीच आहे किंवा सल्फाची अॅलर्जी आहे त्यांनी डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं, आणि बाकीच्यांनीही विचारूनच घ्यायची, मेडिकलवाल्याला नाही, डॉक्टरला. आणि गोळी घेतली म्हणून घाई केली तरी चालतं असंही नाही. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी मात्र कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नका.

‘बोलावणं आलं की तयारी लागत नाही’ याच्याशी भांडायचं नाहीये, माझीही श्रद्धा आहे. पण सरकारी यात्रेत लॉटरीत नाव लागलं, म्हणजे बोलावणं आलंच म्हणा, तरी वय १८ ते ७० लागतं, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५ च्या आत लागतो, दिल्लीत मेडिकल होते आणि उत्तराखंडातल्या लिपुलेख खिंडीतून जाणाऱ्यांची पुढे वाटेतल्या गुंजीला परत एकदा होते. तिथून माणसं मागे पाठवतात. रिपोर्टमध्ये बीपी लपवून, गोळ्या बॅगेच्या तळाशी ठेवून जाणारे मी पाहिलेत, त्यांना विचारलं की हेच म्हणतात, तो बघून घेईल.

आणि मागे फिरलं की पुण्य जातं म्हणे. ज्या डोंगरावर श्रद्धेपोटी कोणी चढतच नाही, सगळे नुसते भोवतीने फिरतात, त्याच्या बाबतीत ‘पूर्ण केलंच पाहिजे’ हा हट्ट आला कुठून? कैलासाचं उत्तरेचं ते सरळसोट मुख डिरापुकहूनच सगळ्यात जवळून दिसतं. फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी व्हायला लागलं की ऑक्सिजन, इंजेक्शन हे सगळं वेळ मिळवण्यापुरतं असतं, खरा इलाज खाली उतरणं.

काकांना त्याच रात्री सिलिंडर लावून गाडीने दार्चेनला उतरवलं आणि न थांबता तसंच पुढे आणखी खाली तकलाकोटला. जाताना ते आमच्यावर प्रचंड चिडले होते, बोलेनात. तीन दिवसांनी आम्ही तकलाकोटला पोचलो तर काका हॉटेलच्या पायरीवर बसून संत्रं सोलत होते, अर्धं मला दिलं आणि म्हणाले, अरे त्या रात्रीचं मला काहीच आठवत नाही, मी खरंच तुम्हाला शिव्या दिल्या का?