शरणपूरची कादंबरी मला वाचायची आहे

नाशिकच्या आमच्या चर्चच्या मंडळीत सध्या एक वाद चालू आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून तो इथे अमेरिकेत, मिशिगनपर्यंत पोचतो. तरुण संघाला चर्चच्या वाचनालयात कादंबऱ्यांचं एक कपाट हवंय. त्यात ख्रिस्ती घरांच्या, श्रद्धेच्या, संकटात तगून राहिलेल्या माणसांच्या गोष्टी असाव्यात. काही वडीलधाऱ्यांचं म्हणणं असं की पवित्र शास्त्र हाताशी असताना कुणीतरी रचलेल्या गोष्टींत वेळ का दवडायचा? त्याच सुमारास कॉलेजातल्या एका मैत्रिणीने, ती भरपूर वाचणारी आहे, मला विचारलं, ‘‘धर्म आला की साहित्य कुठे उरतं? तो प्रचारच ना?’’ एक आक्षेप मंडळीच्या आतून येतो, दुसरा बाहेरून. दोघांनाही खटकतं ते मात्र एकच: श्रद्धेची गोष्ट निव्वळ आवडीने वाचणं.

मी राहते त्या ग्रँड रॅपिड्समध्ये हा प्रश्न कुणाला पडतच नाही. डच वंशाच्या प्रोटेस्टंट लोकांनी घडवलेलं हे शहर. अर्डमन्स, बेकर, झोंडरव्हन या ख्रिस्ती प्रकाशनसंस्था याच परिसरात वाढल्या. वाचनालयात या कादंबऱ्या विपुल मिळतात: प्रेमकथा, रहस्यकथा, ऐतिहासिक, जुन्या साध्या पद्धतीने राहणाऱ्या अमिश या ख्रिस्ती पंथाच्या खेड्यांतल्या. कॅनडाच्या जॅनेट ओक यांची पहिली कादंबरी १९७९ साली आली. माळरानावर नवरा गमावलेली एक तरुणी नाइलाजाने दुसऱ्या घरात जाते, त्याची ती गोष्ट. ती खपली, आणि तशा गोष्टींना मोठा वाचकवर्ग आहे हे प्रकाशकांना कळलं. रुग्णालयातली रात्रपाळी संपवून आल्यावर मीही यातली पुस्तकं वाचते. एखादी बाई मोडून पडते, प्रार्थना करते, सकाळी उठून पुन्हा चूल पेटवते, हे वाचून मला धीर येतो. वाचायला तेवढं कारण मला पुरतं.

पण इथलं सगळंच मी डोक्यावर घेत नाही. यातल्या पुष्कळ गोष्टींत दुःख फार लवकर आवरतं. शेवटच्या प्रकरणापर्यंत प्रार्थनेला उत्तर मिळतं, शेत वाचतं, लग्न होतं. नाशिकात मी पाहिलेली श्रद्धा अशी नव्हती. तिला उत्तर न मिळताही जगावं लागे. अमेरिकेतल्याच मॅरिलिन रॉबिन्सन यांनी मरणाच्या दारातल्या एका म्हाताऱ्या पाळकाने आपल्या लहानग्या मुलाला लिहिलेल्या पत्राची कादंबरी लिहिली आणि तिला २००५ साली पुलित्झर हा मोठा साहित्य पुरस्कार मिळाला. पानोपानी बायबल आहे, आणि तरीही ती साहित्य म्हणूनच वाचली जाते. मैत्रिणीला मी हेच उदाहरण दिलं.

खरं तर एवढ्या लांब जायची गरजच नव्हती. बाबा पद्मनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची. विधवांच्या हालांवरची ही कादंबरी मराठीतली पहिली मानली जाते, आणि लिहिणारा ख्रिस्ती झालेला माणूस होता. तिच्यात प्रचार आहेच. पण त्या बायकांचं दुःखही आहे, आणि वाचताना ते प्रचाराला पुरून उरतं. आपल्या गोदाकाठच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. नवऱ्याने धर्म बदलला, तेव्हा त्यांचं सगळं जग फाटलं; सोवळं, नाती, अन्नपाणी, सगळं. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, तेही घाईने नव्हे, आणि हा सगळा प्रवास त्यांनी हसत, रडत, कुणावर डूख न धरता सांगितला. मराठी घरांत ते पुस्तक कुठल्याही धर्माचा माणूस उचलतो. तुकारामांची गाथा मी तशीच उचलते. गाथा बाजूला ठेवून मराठी साहित्याचा इतिहास लिहिता येतो का? मग फादर दिब्रिटो २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून काहींनी विरोध का करावा? मला ते तेव्हाही लागलं होतं, आजही लागतं.

वडीलधाऱ्यांशी मी वेगळं बोलले. काका, बायबलमधला नाथान संदेष्टा दावीद राजाला त्याचं पाप दाखवायला गेला तेव्हा त्याने नियमशास्त्र वाचून दाखवलं नाही. त्याने गरिबाच्या एकुलत्या कोकरीची रचलेली गोष्ट सांगितली, आणि राजा ढासळला. येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला हीसुद्धा गोष्टच आहे.

आणि कपाटात ठेवायला गोष्टी आपल्याकडे नाहीत असं कुणी म्हणू नये. नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज हजारो लोक जातात. या शरणपुरात एकोणिसाव्या शतकात मिशनने गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना ठेवून घेतलं, शिकवलं, सुतारकाम-लोहारकाम हाती दिलं. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टन या मिशनरी प्रवाशाच्या तांड्यात गेला. १८७३ साली लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आत वारला. त्याचं काळीज जिथे पुरलं तिथे अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली आणि झाडावर अक्षरं कोरली. मग सोबत्यांनी ते शव शेकडो मैल खांद्यावरून समुद्रापर्यंत आणलं, आणि जेकब त्याच्याबरोबर इंग्लंडला, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या दफनापर्यंत गेला. घर हिरावलेला हा मुलगा नाशिकात रात्री काय आठवत असेल? गोदावरीत पहिल्यांदा उतरला तेव्हा काय वाटलं असेल? त्याने कुणावर विश्वास ठेवला, आणि का? दस्तऐवज हे सांगत नाहीत, कादंबरी सांगू शकते. ती मराठीत, नाशिकच्या माणसाने लिहिलेली मला हवी आहे. तिच्यात मिशनऱ्यांचं चांगुलपण असावं आणि त्यांचा अहंकारही असावा. शेवट गोड करायची कुणी सक्ती करू नये.

तरुण संघाला मी कळवलंय: कपाट घ्या, पुस्तकांचे पैसे मी पाठवते. ‘स्मृतिचित्रे’ आधी ठेवा, इंग्रजीतल्या गोड गोष्टीही ठेवा, आणि मंडळीबाहेरच्यांनाही पुस्तक घरी नेऊ द्या. माझ्या मैत्रिणीचं नाव मी यादीत पहिलं दिलं आहे. ती यायला तयार आहे.